सत्कारमूर्तींच्या जीपबद्दल दोन शब्द

सन्माननीय व्यासपीठ, आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दूध संस्थेचे चेअरमन ज्योतिबा आप्पा, मंचावरील सर्व संचालक मंडळी, निमोण्यातून आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून आलेले दूध उत्पादक बंधू, माझ्या बचत गटाच्या मैत्रिणी, आणि आज सेवेतून निवृत्त होत असलेले संस्थेचे सचिव, सत्कारमूर्ती श्रीयुत हौसरावजी, म्हणजे माझे मालक, आपणा सर्वांना साळूबाईचा आदरपूर्वक नमस्कार.

एवढं विनोद सरांनी मला सांगून ठेवलं होतं. सूत्रसंचालन झकास करतात ते. आता पुढचं मी माझं बोलते. तुम्ही माझी ओटी भरली, साडी दिली, आन् 'वहिनींनी दोन शब्द बोलावेत' म्हणून माईक हातात दिला. दिलाच हाय तर मधीच मागू नका.

मघापासून सगळ्यांची भाषणं ऐकतेय. कुणी म्हणलं, सचिवसाहेब काटकसरी. कुणी म्हणलं, त्यांच्या हाताला यश हाय. आप्पा, तुम्ही तर म्हणालात, संस्थेच्या जुन्या जीपचं इंजिन ज्यांनी स्वतःच्या अंगणात स्वतःच्या हातानं खोललं आन् बसवलं, असा सचिव पुन्हा मिळायचा न्हाई. केवढ्या टाळ्या पडल्या! मीबी वाजवल्या असत्या, पण मी हात पदरात दाबून बसले होते. रागानं, आप्पा. थंडीनं न्हाई.

मला त्या जीपबद्दलच बोलायचंय. कारण आज जेवणं उरकली की तुम्हा संचालकांची मीटिंग हाय, आन् तिच्यात बन्सी ड्रायव्हरला कायमचं काढायचं ठरणार हाय. का? तर त्यानं बिनपाण्याची जीप पळवली, इंजिन जाळलं. बन्सी तिथं दाराशी उभा हाय, बघा वळून. त्याची बायको गिताबाई माझ्या गटात हाय. दिवाळीपासून तो घरी बसलाय. गावात कुणी त्याच्या हातात साधा ट्रॅक्टर द्यायला तयार न्हाई. पोरं त्याला 'इंजिनजाळ्या' म्हणून हाका मारतात. असल्या माणसानं जगायचं कसं, सांगा?

ती जीप तुम्हाला म्हायतीच हाय. लिलावातली, चारी चाकं ओढणारी. दुधाचा टेम्पो जिथं जात न्हाई तिथं, घोड नदीच्या वाळूतनं, माळावरच्या धनगरवस्तीपर्यंत जनावरांच्या डॉक्टरांना तीच न्यायची. नवरात्र बसलं आन् ती पाणी उडवायला लागली. इंजिनाचं वरचं हेड आन् खालचा ब्लॉक यांच्यामधी एक पातळ गॅस्केट असतं, ते गेलं होतं. बन्सी म्हणाला, "साहेब, वरवंडच्या गॅरेजला टाकू, तिथला मिस्त्री चांगला हाय." सत्कारमूर्ती म्हणाले, "मोबाईलवर सगळं दिसतंय. मिस्त्री काय वेगळं करणार हाय?"

झालं! जीप आमच्या अंगणात आली. आठवडाभर मी ऑइलच्या वासात भाकरी थापली. आता खरं सांगायचं, तर खोललं त्यांनी नीट. पुसलं नीट. नवं गॅस्केटबी सरळ बसवलं. मला कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? राहिले होते हेडचे बोल्ट. ते एका दमात आवळायचे नसतात म्हणं. मधल्यापासून सुरू करून कडंला जायचं, आधी हलकं, मग जरा जास्त, मग शेवटचं पक्कं. त्याला तो मापाचा लांब पाना लागतो. त्यांनीच मला समजावून सांगितलं होतं, चहा पिता पिता. मोठ्या ऐटीत.

पहिली हलकी फेरी झाली ती खंडेनवमीच्या सकाळी. आन् आमच्याकडं खंडेनवमी म्हंजी काय, ते तुम्हाला सांगायला नको. विळा, खुरपं, कोयता, घरातलं झाडून सगळं हत्यार पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, आन् दसऱ्याला पूजा उठंपर्यंत कशालाच हात लावायचा न्हाई. सत्कारमूर्ती या बाबतीत फार कडक. मी म्हणाले, "अहो, आधी बोल्ट आवळून घ्या, मग पूजा करू." तर म्हणाले, "मुहूर्त टळंल." आन् अंगणातले सगळे पाने त्यांनी स्वतः पाटावर नेऊन मांडले. तो लांबडा मापाचा पानासुद्धा. त्याच्या मुठीवर झेंडूचं फूल ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. आप्पा, तुमचा फोन आला, "जीप झाली का? ऑफिसात पूजेला आणा, सगळे थांबलेत." व्हय का न्हाई? मग काय, साहेबांची घाई. वरचं झाकण बसवलं, हातानंच फिरवून नट लावले, पाणी भरलं, हार घातला. इंजिन सुरू झालं तशी मान अशी ताठ झाली! मी दारातून म्हणाले, "अहो, त्या मापाच्या पान्याचं काम राहिलं न्हाई ना?" तर म्हणाले, "तू पुरणाचं बघ."

मी पुरणाचं बघितलं. मग दुपारी पूजा उठवली. पाना पाटावर होता तसाच होता. हळदकुंकू जागच्या जागी, फूल जागच्या जागी. त्याला कुणी शिवलंच नव्हतं! आता मला सांगा आप्पा, बोल्ट आवळले कशानं? दातानं?

विनोद सर, चिठ्ठी पाठवू नका, मला चष्म्याशिवाय वाचता येत न्हाई.

मी तेव्हाच ह्यांना फोन केला. म्हणाले, "एवढ्या माणसांत मला शिकवू नको." मग जीप गरम व्हायला लागली. बन्सी रोज संध्याकाळी आमच्या दारात. "साहेब, पाणी उडवतीय." साहेबांनी रेडिएटरचं टोपण बदललं. रेडिएटर धुऊन काढला. पंख्याचा पट्टा बदलला. पाण्याचा पंपसुद्धा नवा घातला. बन्सी बिचारा हात जोडून म्हणत होता, "साहेब, आपण शेवटचा हात कुठं लावला? हेडला. मग आधी तिथंच बघू की." माझ्या अंगणातलं बोलणं हाय हे, मी कानानं ऐकलंय. आन् साहेब काय म्हणाले? "ते मी बसवलंय. त्या झाकणाला हात लावायचा न्हाई."

बघा म्हंजी! सगळी जीप तपासायची, फक्त स्वतःचं काम तपासायचं न्हाई.

बन्सी पाण्याचे कॅन घेऊन फिरायचा. थांबत, पाणी घालत, थांबत. ज्या दिवशी तुळजाबाईची म्हैस अडली, त्या दिवशी डॉक्टरांना घेऊन तो निघाला आन् नदीच्या वाळूत इंजिन जाम झालं. डॉक्टर चालत गेले. तुळजाबाई, तू समोरच बसलीस. म्हैस वाचली न्हाई. तू बन्सीला शिव्या दिल्यास, मला आठवतंय. तुझी चूक न्हाई, तुला जे सांगितलं ते तू खरं मानलंस.

जीप ट्रॅक्टरला बांधून वरवंडला नेली. मिस्त्रीनं झाकण काढलं तर बोल्ट नुसत्या हलक्या पान्यानं फिरायला लागले, म्हंजी हेड पक्कं बसलंच नव्हतं, पाणी तिथनंच जात होतं. तिथं सत्कारमूर्ती हजर होते. घरी येऊन ओसरीवर बसले आन् स्वतःच्या तोंडानं मला हे सांगितलं. मी म्हणाले, "माणसाच्या हातून चुकतं. उद्या जाऊन आप्पांना सांगून टाका." आन् दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन हे सांगून आले की बन्सीनं पाणी बघितलं न्हाई!

मी घर डोक्यावर घेतलं. जेवण सोडलं. तवा म्हणाले, "साळू, निवृत्ती तोंडावर आलीय. मला मानानं जाऊ दे. निरोपाच्या भाषणात सगळ्यांसमोर मीच सांगतो, तुझी शपथ." बरं म्हणलं. सगळ्यांसमोर सांगणार असतील तर बन्सीच्या कपाळावरचा डाग सगळ्यांसमोरच पुसला जाईल. आज सकाळी आरशासमोर भाषणाची तालीम चालली होती. मी चहा घेऊन मागं उभी. आई-वडिलांचे आभार झाले, संस्थेचे झाले, गाईम्हशींचेसुद्धा झाले. बन्सीचं नाव न्हाई. विचारलं तर म्हणाले, "आता कशाला चांगल्या दिवसात ते?"

चांगला दिवस कुणाचा? शाल तुमच्या अंगावर. गिताबाई चार बायांत मान वर करून बसत न्हाई, तिच्या घरी कुठला चांगला दिवस उगवलाय? दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन कसला मान घेता? मला लाज वाटतीय. तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची लाज वाटतीय!

उद्या सकाळी सत्यजीत, आमचा मुलगा, गाडी घेऊन येणार हाय आम्हाला पुण्याला न्यायला. अहो, नीट ऐका. आज इथं बोललात तर मी तुमच्याबरोबर येईन, आन् वाटंत पुन्हा या गोष्टीचं नाव काढणार न्हाई. न्हाई बोललात तर तुम्ही एकटे जा. बीपीच्या गोळ्या हिरव्या पिशवीत ठेवल्यात, सकाळची जेवणाआधी घ्यायची.

आप्पा, तुम्ही मला बोलू दिलंत, संचालक मंडळींनी ऐकून घेतलं, तुमचे उपकार मानते. तिकडं जेवण खोळंबलंय, आचाऱ्यांनीबी राग मानू नये. मी काही शिकलेली वक्ती न्हाई. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असंल, जीभ जास्त चालली असंल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. माझं तेवढं पोटात घाला. ह्यांचं घालू नका, ती माफी त्यांना स्वतः उभं राहून मागू दे.

बन्सी, दाराशी नको उभा राहू. पुढं ये, वर ये, लाजू नको. ही माझी खुर्ची रिकामी केली, इथं बस. आता सत्कारमूर्ती बोलणार हायत. त्यांना तुझ्या तोंडाकडं बघून बोलू दे.