दोन हातांच्या तलवारीची पारख

सन्माननीय अध्यक्ष दत्तोपंत, व्यासपीठावरील पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आपले संग्रहपाल शेषराव खिल्लारे, सौ. पद्माबाई, आणि भर उन्हात कळमनुरीहून आलेल्या मंडळींनो, संग्रहालयाची चिटणीस म्हणून मी, गंगूताई, आपणा सर्वांना नमस्कार करते.

आत्ताच्या वक्त्यांनी शेषरावांना मनमिळाऊ म्हटलं. मनमिळाऊ? अहो, कोणी जुनं नाणं आणून दिलं तर हा गृहस्थ आधी नाण्याकडे नाही, आणणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो! पण त्या संशयी स्वभावानंच आपलं काय वाचवलं, ते सांगते. अध्यक्षांनी रागावू नये, गोष्टीत तेही आहेत.

शहात्तर साल. जुन्या वस्तूंची सरकारदरबारी नोंद करण्याचा नवा कायदा लागू झाला होता. आपल्याकडे हिंगोलीच्या छावणीतल्या एका बंगल्याच्या लिलावातून एका देणगीदारांनी घेऊन दिलेली युरोपातली तलवार आहे, दोन हातांनी धरायची, माणसाच्या खांद्याला लागेल एवढी. खाली पाटी होती : 'पोर्तुगीज सेनापतीची तलवार'. शेषराव म्हणाले, "कोन सेनापती? कुनी पाहिला? मी तपासल्याबिगर नोंद करनार न्हाई."

तेवढ्यात मुंबईचे एक गृहस्थ आले. शस्त्रांचे जाणकार म्हणवत होते. तलवार न्याहाळून हसले. "ही दिवाणखान्यात टांगायला केलेली नक्कल. हिच्या बदल्यात मी तुम्हाला चांदीच्या मुठीच्या दोन तलवारी देतो."

दत्तोपंत हरखले. समिती हरखली. खोटी देऊन दोन खऱ्या मिळणार, कोण नाही म्हणेल? शेषराव मात्र नाही म्हणाले. त्यांनी विचारलं, "नक्कल हाय, तर तुमाला काहून पायजे?"

पाहुणे उत्तरले, "एका हॉटेलच्या भिंतीसाठी."

शेषरावांनी कपाटाची चावी खिशात टाकली. झालं! बाजारात कुजबुज सुरू झाली : यालाच ती विकायची असेल, म्हणून अडून राहिला. हळदीच्या आडतीवर लोक त्यांना पाहून बोलणं थांबवायचे. समितीतल्या दोघांनी तर कपाटाला दुसरं कुलूप लावा, असा ठराव मांडला. पद्माबाई मला रडत म्हणाल्या होत्या, "ताई, मी यांना म्हनलं, द्या ती चावी फेकून. लोक चोरावानी पाहून राहिले. तर म्हनतात, चावी दिली तर तलवार जाईल, अन् चोर म्हनून नाव मातर माझंच राहील."

शेवटी त्यांनीच समितीला आणि पाहुण्यांना याच सभागृहात बोलावलं. आडतीवरचा काटा मागवला. एवढं लांब हत्यार, पण वजन तीन किलोच्याही आत! शेषराव म्हणाले, शोभेच्या नकला बहुधा जड असतात. लढणाऱ्याला दोन हातांनी फिरवायची, तर ती हलकीच हवी. पातं मुठीजवळ जाड, टोकाकडे पातळ होत गेलेलं. मुठीलगतच्या आडव्या दांड्याच्या पुढे शिंगांसारखी दोन टोकं, पात्याच्याच लोखंडातून ठोकून काढलेली. सांधा कुठंच नाही.

"आणि हे काय?" पाहुण्यांनी मुठीच्या बुडाशी बोट ठेवलं. तिथं पेच होता, नव्या यंत्रावर पाडलेला. दत्तोपंतांनी विजयानं मान हलवली. मला वाटलं, शेषराव हरले.

"बराबर हाय. मूठ नवीच हाय," शेषराव म्हणाले आणि त्यांनी पेच उघडला. मूठ निघाली. आत पात्याचं शेपूट जुनंच, गंजून खड्डे पडलेलं, आणि त्याच्या टोकाला पेचासाठी नवा तुकडा जोडलेला. जुन्या पात्यावर कोणीतरी मागाहून मूठ बसवली होती.

आणि नक्कल म्हणणाऱ्या त्या गृहस्थांनी काय करावं? मूठ बाकावर तशीच सोडली, आणि पातं दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. शेषराव हळू आवाजात म्हणाले, "सायेब, भिंतीवरच्या नकलेला कुनी लेकरावानी कवटाळत न्हाई. ठेवा खाली."

त्यांनी ठेवलं. दुपारच्या एसटीनं ते गेले. त्यांनी दिलेला पत्ता खोटा निघाला. ते कोण होते, त्यांना आपल्या तलवारीची खबर कोणी दिली, हे आजही कळलेलं नाही. मी अजून अनोळखी पाहुण्यांच्या तोंडाकडे पाहते, शेषरावांसारखी.

पुढच्या बाजारच्या दिवशी आपले अध्यक्ष शेषरावांच्या खांद्यावर हात ठेवून आडतीच्या रांगेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. बाजारातली कुजबुज तिथंच संपली.

सेनापतीची पाटी मात्र शेषरावांनी काढलीच. देणगीदार रुसले. नवी पाटी अशी : 'पातं युरोपातलं, बहुधा सोळाव्या शतकातलं. मूठ नंतरची. हिंगोलीस कशी आली, ठाऊक नाही.' ठाऊक नाही, असं पाटीवर लिहायला केवढी छाती लागते!

आज सकाळी त्यांच्या जागी येणाऱ्या मिराबाईंना चावी द्यायची होती. दत्तोपंत म्हणाले, "तुमच्यावर पूर्ण भरवसा आहे, तपासणी कशाला?" शेषराव ऐकेनात. एकेक वस्तू बाहेर काढून मिराबाईंसमोर ठेवली आणि म्हणाले, "बाई, मी सांगून राहिलो म्हनून मानू नका. माझ्यावरबी संशय घ्या. मंग चावी घ्या."

मिराबाईंनी संशय घेतला. जेवणाची वेळ टळली, पण एकही वस्तू कमी भरली नाही. तेव्हा कुठं शेषराव हसले.

शेषराव, पद्माबाई, आपले आभार कोणत्या शब्दांत मानू? आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यात कोणाचं मन दुखावलं असेल, काही अधिकउणं झालं असेल, तर थोर मनानं पोटात घालावं. आणि माझं बोलणंही, शेषराव म्हणतात तसं, तपासल्याबिगर खरं मानू नये. नमस्कार.