अल्लद निघणारं पॅकिंग

खामगावच्या एस.टी. स्टँडवर अमडापूरच्या गाडीसाठी रांग लागली होती. नीळकंठ मास्तरांच्या पुढं उभे असलेले दोघं साडू सासुरवाडीला निघाले होते, आणि थोरले पंजाबराव धाकट्या वामनवर असे कडाडत होते की मास्तरांनी उघडलेला पेपर तसाच मिटला.

"सासऱ्याची फटफटी ते! अन् इंजिनाच्या जोडातल्या पॅकिंगले दोन्हीकून लाख चोपडली? भिताड लिपून राह्यला होता का बे?"

"तेल गळू नये म्हून लावली."

"अन् आता खोलाची पाळी आली तं चिपकलेलं पॅकिंग निघंना, म्हून छन्नी हानली!"

"जरासा कोपरा उडाला इंजिनाचा."

"जरासा म्हन्ते! अबे, पॅकिंगले निरं ग्रीस लावा लागते. मंग कवाबी खोल, लुगड्यावर वाळलेल्या पापडावानी अल्लद निघते. माह्या फटफटीचं पाय, नुसत्या बोटानं निघते."

"हाव, दर इतवारी काढूनच बसता तुमी."

"अक्कल लागते त्याले! तुह्या बापजन्मी जमनार नाही. सासऱ्याले काय तोंड दाखोशीन आता?"

"दाखवीन कसंबी. पन पंजाबराव, तुमची फटफटी कुठी हाये?"

"घरी. ओसरीत."

"मंग आपुन एस.टी.च्या रांगेत काऊन उभे हाओत?"

"...खोलून ठेवली हाये."

"अल्लद निघाली असंल."