चौकट धर, बाबल्या

नाय, नाय, वर नको, खाली घे. छातीला टेकव अन्‌ दोन्ही हातांनी धर. हां, अशी. माझ्या सोम्याची सोयरीक जुळवायला आलास म्हणून काय हात झिजतील तुझे? सोयरीक तोंडानं जुळवायची असते, मंग तोवर हात रिकामे कशाला ठेवायचे? जामसरवरनं एवढा डोंगर तुडवत आलास, बाबल्या — वाटलं असेल, सावलीत बसू, जिव्या पाणी देईल, तंबाखू देईल, अन्‌ आपण त्या पोरीच्या, कमूच्या बापाची भातखाचरं त्याला तोंडानंच हिंडवून दाखवू. पण इथं मी सकाळपासनं कुडाची भिंत फोडून बसलोय, चौकट धरायला घरात माणूस नाय, अन्‌ देवानं तुला धाडला. राजाच्या टायमाला ह्याला वेठ म्हणायचे. आता राजा गेला, जव्हारचं संस्थान मुंबईत गेलं, वेठ पण गेली — आता श्रमदान म्हणतात. खोरं तेच, घमेलं तेच, पाठ पण तुझी-माझीच. फरक एवढाच, की आता टोपीवाला समोर उभा राहून टाळ्या वाजवतो. मी नाय वाजवणार. माझे हात शेणात हायेत.

कशाची चौकट म्हणून काय विचारतोस? खिडकीची! बघ, तुला पण हसू आलं. आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या घराला खिडकी नव्हती. घराला दार असतं, माणूस वाकून आत जातो, वाकून बाहेर येतो, बाहेरचं काय बघायचं ते बाहेर येऊन बघावं, सोपं काम. पण आमच्या सूनबाई, सोम्याची बायको, ही चैती — जव्हारच्या शाळेत सातवीला बसल्यात ना! फायनलची परीक्षा द्यायची, मास्तरीण व्हायचं. तिथं कुणी तरी सांगितलं, धूर बाहेर जायला पाहिजे, उजेड आत यायला पाहिजे. झालं! आमची म्हातारी म्हणाली, खिडकीतनं भूत येईल. मी म्हटलं, हौशे, भुताला दारातनं यायला काय पाटलाची चिठ्ठी लागते? तुझं तोंड बघून आजवर आलं नाय, ते खिडकीतनं काय येतंय! — चौकट सोम्यानं केलीय, म्हणून तिरकी हाय. चार लाकडं, चार कोपरे, अन्‌ एक कोपरा दुसऱ्यासारखा नाय. लाकूड सागाचं हाय का, विचारू नको. जंगलाचा गार्ड विचारत नाय, तू कोण विचारणार?

तू म्हणतोस ते बरोबर हाय रे. मी कुठं नाय म्हणतोय? ही काय सून झाली? आठवडाभर जव्हारला, शनवारी यायचं, रविवारी परत. सासूच्या हाताखाली राबायचं वय, अन्‌ ही मिशा न फुटलेल्या पोरांच्या रांगेत गळ्यात काळी पोत घालून बसते. तुला वाटत असेल मी धाडली. मी? अरे, मी थट्टा केली होती! माझी थट्टा तुला ठाऊक नाय का? संस्थान विलीन झालं त्या साली मी पाड्यात उठवून दिलं, की नवं सरकार प्रत्येक घरची कोंबडी बघणार, मोखाड्याला नेऊन दाखवायची, तिचं नाव लिहून घेणार. अर्धा पाडा काखेत कोंबड्या घालून मोखाड्याला गेला की! कारकुनाच्या टेबलावर कोंबडा चढला. अन्‌ सगळ्यांच्या पुढं कोण होती? आमची हौशी! घरातली बाई, पण तिला सुद्धा सांगितलं नव्हतं. तेव्हापासनं इथं सगळ्यांना कळलंय, जिव्या हो म्हणाला की नाय समजायचं. पण चैती बाहेरची, नवीन आलेली, तिला काय ठाऊक? एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, ‘बाबा, चौथी झालीय माझी, पुढं शिकायला जव्हारला जाऊ का?’ मी म्हटलं, ‘जा की, हत्तीवर अंबारी बांधून जा!’ अन्‌ सकाळी बघतो तर बोचकं बांधून अंगणात उभी. म्हणते, ‘हत्ती नसला तरी चालेल.’ त्या कोंबड्यांपासनं माझा शब्द कुणी खरा धरला नव्हता. मंग बोचकं उचललं मीच — सोम्या तेव्हा कोळशाच्या भट्टीवर होता — अन्‌ गेलो तिच्या मागं.

हलू नको. दोरी आवळतोय मी, तुझं नाक नाय आवळत.

तिथली गंमत ऐक. मास्तर विचारतो, पूर्ण नाव सांग. ही म्हणते, चैती. पुढं? पुढं गप्प. नवऱ्याचं नाव बाईमाणूस तोंडानं घेईल का? मास्तर बामण, चष्मा कपाळावर, म्हणतो नाव नसलं तर पटावर घालता येत नाय. मी मागं उभा, मजा बघतोय — म्हटलं, अडली घोडी, आता बोचकं परत न्यायचं. सांगू शकलो असतो मी, माझाच मुलगा तो, पण कशाला सांगू? तर हिनं काय केलं, मास्तरच्या टेबलावरची पाटी ओढली अन्‌ लिहिलं सोम्याचं नाव, त्यापुढं माझं पण! तोंडानं घेतलं नाय, हातानं लिहिलं. घरी येऊन म्हातारीला सांगितलं तर ती तीन दिवस विचार करत बसली, नाव घेतलं म्हणायचं का नाय घेतलं म्हणायचं. अजून ठरलं नाय तिचं.

राहते माझ्या बहिणीकडं, कोंडीकडं, बाजाराच्या मागं. कोंडी म्हणजे तुला ठाऊक हाय, फुकटचा वारा पण घेणार नाय अन्‌ देणार नाय. पहाटे दळण हिनंच दळायचं, विहिरीचं पाणी हिनंच आणायचं, मंग शाळा, शाळेतनं आली की कोंडीच्या नातवंडांची शेंबडं नाकं, अन्‌ मंग दिव्यापुढं वाचायचं — तर कोंडी म्हणते तेल जळतं. मी गेलो, म्हटलं कोंडे, ह्या दिव्यात मांजर वाचतं का, तेल जळतं तर जळू दे. तेव्हापासनं बोलत नाय माझ्याशी. बरं झालं. शनवारी शाळा सुटली की येष्टीत बसते, येष्टी मोखाड्याला सोडते, पुढं पायी. ह्या दिवसांत करवंदाच्या जाळीतनं डुकरं निघतात, म्हणून — म्हणून नाय रे, मी तंबाखूसाठी जातो मोखाड्याला. शनवारची तंबाखू ताजी असते. इथं जवळ पोशेऱ्यात पण मिळते, मिळत नाय कुणी म्हटलं? पण वाटेत भेटते ती, मंग काय, तोंड फिरवू? चालताना डोकं खाते माझं — पृथ्वी फिरते म्हणे. मी म्हटलं, मला मोहाची पाजली की मला पण दिसते फिरताना, त्याला जव्हारला कशाला जायचं? पण आता दारूबंदी हाय, म्हणजे आता पृथ्वी उभीच असेल.

अन्‌ घरी आली की एक दिवस तरी स्वस्थ बसेल? चूल इथनं उचलून तिथं. सांडपाण्याला खड्डा, त्याच्या काठाला पपया. पपया कुठं, पानं हालवत उभ्या हायेत नुसत्या. झऱ्याचं पाणी दुहेरी फडक्यातनं गाळायचं, उकळायचं, मंग प्यायचं. घाण लागतं! धुराची चव. मी म्हातारीला विचारलं, हे पाणी हाय का रात्रीच्या आमटीची आठवण? पण पितो. ही बघ पोटरी, हे डाग बघ, दरसाल इथनं नारू निघायचा, काडीला गुंडाळून पंधरा-पंधरा दिवस पाय धरून बसायचो मी. औंदा नाय निघाला. फडक्यामुळं? छट्‌! नारूच कंटाळला असेल, म्हणाला असेल, ह्या म्हाताऱ्याची वटवट किती ऐकायची.

बरं, आता तुझं बोल. कमू. कशी हाय? बैलासारखी राबते? वा! बैल पाहिजे असता तर बाजारात गेलो नसतो? — रागावू नको, धर, धर. तुझं खरं हाय. गेल्या आवणीला आमची पंचाईत झाली. चिखल तयार, रोप काढलेलं, अन्‌ लावायला म्हातारी अन्‌ मी. लोक बांधावर उभे राहून विचारायचे, सून काय वही लावते का जव्हारला? अन्‌ मूल पण नाय अजून. म्हातारी रोज देवाला विचारते, देव काय सातवी शिकलाय का उत्तर द्यायला? दुसरी बायको केली तर काय बिघडतं, आपल्यात करतातच. म्हणून तर म्हातारीनं धोंडीच्या हातनं तुला निरोप धाडला. ती आता मोह वेचायला गेलीय, आली की तिच्याशीच...

काय? धोंडी काय म्हणाला?

धोंडीचं तोंड म्हणजे फुटका डेरा. अरे, त्याला मी बजावलं होतं, म्हातारीचं नाव सांग म्हणून. — बरं, बरं. धाडला मी. मीच धाडला. मंग? म्हातारीला ठाऊक पण नाय. सोम्याला तर नायच नाय, तो गेलाय चैतीला आणायला. आज मी गेलो नाय, सांगितलं, मला खिडकी करायचीय, तूच जा. तुझी वाट बघत होतो इथं.

गेल्या शनवारी ती इथंच उभी होती, कुडावर कोळशानं चौकोन काढत. मी सहज विचारलं, ‘पास झालीस की काय गं करशील?’ म्हणाली, ‘नोकरी मिळेल, बाबा. मंग सरकार धाडील तिथं जायचं. वाड्याला धाडलं तर वाडा, तलासरीला तर तलासरी.’ अन्‌ आमचं ध्यान, हा सोम्या, दात काढून म्हणतो, ‘मी जाईन की तिचं बोचकं घेऊन!’ दोघं हसली. मी पण हसलो. मी हसलो नाय तर लोकांना वाटतं जिव्या आजारी हाय. रविवारी ती गेली, अन्‌ सोमवारी उजाडत धोंडीला गाठलं मी. म्हटलं, दुसरी आणू. इथलीच, मातीत हात घालणारी. तिच्या दाव्याला सोम्या बांधला जाईल. तो राहिला म्हणजे ही पण फार लांब जायची नाय — असा हिशोब. माझ्या डोक्याचा. चौथी पण नाय झालेल्या डोक्याचा.

काय म्हणालास? ‘चैती रडेल चार दिवस अन्‌ राहील सवतीसंगं’?

तिथंच तू माती खाल्लीस, बाबल्या. मी पण तीच खाल्ली होती, पण तुझ्या तोंडून ऐकली तेव्हा चव कळली. ती रडणारी हाय का? अरे, जी मास्तरच्या टेबलावरची पाटी ओढते, ती तुझ्या-माझ्या पुढं रडत बसेल? ती पंच बोलावेल, पंचांपुढं काडी मोडेल, मोकळी झाली! अन्‌ दुसऱ्या दिवशी जव्हारला जाऊन बाकावर बसेल. अन्‌ सोम्या काय कमूच्या भाकरीकडं बघत राहील? बोचकं नसलं तरी बोचक्यासारखा जाईल तिच्या मागं. मंग घरात कोण? मी, म्हातारी अन्‌ तुझी कमू. तिघं एकमेकांची तोंडं बघत — अन्‌ ती पण चांगल्या उजेडात, खिडकी हाय ना!

नोकरीवर गेली तर दिवाळीला येईल, शिमग्याला येईल, पुन्हा चूल उचलून दुसरीकडं ठेवेल, मला ते घाण पाणी पाजेल. काडी मोडून गेली तर का येईल? माझं तोंड बघायला? मीच बघत नाय.

नाय. कमू नको. दुसरीकडं दे तिला. चांगली असेल, म्हणून तर म्हणतो, ह्या घरात नको.

तिच्या बापाला काय सांगू म्हणून काय विचारतोस? तोंडघशी पडलास खरा तू. तांदूळ निवडून ठेवले असतील त्यानं, पाहुण्यांना सांगितलं असेल. सांग त्याला, जिव्यानं थट्टा केली. लगेच पटेल. चार शिव्या घालेल मला, घालू दे, मंग हसेल, अन्‌ पोरीला बोल नाय लागणार. कोंबड्यांची गोष्ट त्याला पण ठाऊक हाय.

थट्टाच होती का? तुला काय करायचंय? कोंबड्यांची थट्टा लोकांनी खरी धरली, हत्तीची चैतीनं, अन्‌ एक खरं बोललो, ते — जाऊ दे. सोड आता चौकट. सोड, पडत नाय. हात धू त्या मडक्यातल्या पाण्यानं. त्या झाकलेल्यातल्या नको! ते गाळलेलं हाय.

भाकर? नाय, भाकर नाय. म्हातारी रानात, अन्‌ मला थापता येत नाय. चल, नीघ. ऊन उतरलंय, अंधाराआधी मोऱ्हांडं तरी गाठशील. — अरे, तिकडनं नको! वरच्या वाटेनं कुठं चाललास? खालनं जा, ओहोळाच्या काठानं. लांब पडतं तर पडू दे. ती दोघं वरनं येतील आता.

काय नाय. म्हटलं, वरच्या वाटेला ऊन फार हाय. जा.