पडला आणि चालू झाला

वॉरंटीचं मला विचारा. सईचा, म्हणजे माझ्या मुलीचा, लॅपटॉप सुरूच होईना आणि दुसऱ्या दिवशी तिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू. धावतपळत सर्व्हिस सेंटर गाठलं, तर तिथल्याच पायरीवर तो तिच्या हातून निसटला. कोपरा चेपला.

“ये तो गिरा हुआ है, वॉरंटी नहीं मिलेगी,” काउंटरवरचा इंजिनिअर म्हणाला. मी भांडणार, तेवढ्यात सईने बटण दाबलं आणि लॅपटॉप चक्क चालू झाला.

“अब प्रॉब्लेम क्या है?” त्याने विचारलं. “बंद करके देखूं?”

“नको,” आम्ही दोघी एकदम मराठीतच बोललो.

उघडा लॅपटॉप मांडीवर धरून ऑटोने घरी, दिल्लीतल्या आर. के. पुरमला आलो. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वर-खाली होत होता.

इंटरव्ह्यू झाला. निकाल यायचाय, पण लॅपटॉप बंद करायला अजून कोणाचा हात धजत नाही.