थेंब घालताना

डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून सगळ्यांना ओळीने डोळे मिटून बसवलं होतं. शेवटच्या खुर्चीवरच्या ग्रंथपाल बाईंना शेजारच्या सासू-सुनेचे फक्त आवाज येत होते. सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी नुकतीच सुटली होती आणि त्यांनी सुनेकडून छोटा आरसा मागून घेतला होता.

"तुझ्या ओठावर चांगली लव आहे गं. मला कधी दिसलीच नाही."

"मोतीबिंदू होता ना, आई."

"माझी हनुवटी बघ. साठी उलटली, पण एक केस नाही."

"खरंय."

"कधी दोरा लावला नाही की मेण. आमच्या घराण्यातच नाही ते."

"नशीब लागतं."

"हसतेस काय?"

"कुठे काय."

"थांब. वर्षभर तू डोळ्यात थेंब घालायचीस, तेव्हा हनुवटीला मुंगी चावल्यासारखं व्हायचं. तू म्हणायचीस, औषध झोंबतंय."

"झोंबायचंच ते."

"डोळ्यातलं औषध हनुवटीला?"

"आता काय सांगू, आई."

"किती होते?"

"दर रविवारी दोन-तीन."

"आणि मी चार बायकांत मिरवत होते."

"म्हणून तर काढत होते."

"चिमटा कुठाय?"

"पर्समध्ये. पण तुम्हाला आता एकही नाही."

"मला नाही, तुला. मान वर कर."

"इथे? लोक बघतील."

"अगं, सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब आहेत. बघणारी मी एकटीच."

ग्रंथपाल बाईंनी डोळे न उघडताच आपली हनुवटी चाचपली.

"आजी, तिचं झालं की जरा इकडेही बघा."