पाळण्यातून पोर उचलल्याबाबत

नाव हवालदारांनी वरच्या रकान्यात लिहून घेतलं आहे; गल्लीत मला मोठी आई म्हणतात. वय कागदावर अडुसष्ट, गुडघ्यांना विचाराल तर जास्त. धंदा पूर्वी शिवणकाम, आता नातवंडं सांभाळणे. राहणार मुलाकडे, पाण्याच्या टाकीमागे.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, आज सकाळी मी माझी नात, वय आठ, आणि नातू, वय दीड वर्ष, यांना घेऊन जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात गेले. नातीला शाळेतून बघून यायला सांगितलं होतं आणि सुनेला कामावर जायचं होतं. मला तिथे काही बघायचं नव्हतं. आमच्या माळ्यावर जे धूळ खात पडलंय तेच तिथे काचेत ठेवलंय, वर पाटी, 'हात लावू नये'.

आत खोल्या मांडल्या आहेत. विणकराचं घर, कुंभाराचं घर, लोहाराचं घर. प्रत्येक घरात एक चूल, एक पाळणा आणि एक बाईचा पुतळा. विणकराच्या घरातल्या पुतळ्याला मी "जरा सरका हो बाई" म्हणाले. नात हसत सुटली. नातू खांद्यावर निजला होता आणि माझा हात भरून आला होता. समोर पाळणा रिकामा होता. पाळणा कशासाठी असतो हे मला कुणी शिकवायला नको. आडव्या लावलेल्या साखळीखालून वाकून मी त्याला त्यात निजवलं. पाटी होती. मला पाटी वाचता येते, हेही लिहा.

मग नातीला लघवीला लागली म्हणून तिला घेऊन गेले. परत येताना वाट चुकले. खोल्या सगळ्या एका साच्यातल्या. पाळणा दिसला, हात घातला, तर हाताला लाकूड लागलं. लाकडाचं बाळ, वर दुपटं. ते कुंभाराचं घर होतं, हे नंतर कळलं. तेव्हा मला काय वाटलं असं साहेबांनी दोनदा विचारलं. मला सांगता येत नाही. मी "पोर गेलं, पोर गेलं" असं ओरडले, असं नात सांगते.

तशीच धावत संग्रहालयाच्या अंगणाच्या दारात आले तर समोर एक अनोळखी इसम माझ्या नातवाला खांद्यावर घेऊन जाताना दिसला. मी बोट दाखवलं. पुढचं लोकांनी केलं. नातू कुणीतरी माझ्या हातात दिला आणि बाकीचे त्या इसमाला मारायला लागले. मी "थांबा" म्हणाले की नाही ते आठवत नाही. म्हणाले असते तर आठवलं असतं.

तो इसम संग्रहालयातला सुतार आहे, मुलांना भोवरे करून दाखवतो, हे इथे चौकीत आल्यावर कळलं. पाळण्याची दोरी कुजकी आहे म्हणून पोर उचललं आणि कचेरीत नेत होतो, असं त्याचं म्हणणं आहे. दोरी मी पाहिली नाही. मी पाळणा पाहिला. कचेरी कुठल्या बाजूला ते मला माहीत नाही. माझा नातू परक्याकडे जात नाही, सख्ख्या मामाला बघून भोकाड पसरतो. याच्या खांद्यावर मात्र निजलेलाच होता. याचा अर्थ साहेबांनी लावावा, मला लागत नाही.

तो बाहेर बाकावर बसला आहे. ओठ फुटला आहे. मी समोरून जाताना त्याने विचारलं, "आजी, पोर उठलं का?"

माझा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, तो पळवत होता एवढंच सांग. नाहीतर सगळं तुझ्यावरच येईल." मी म्हटलं, "आलंच आहे. तू जाऊन पोराला धर."

जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. त्यात 'सदर इसम मुलास घेऊन पळून जात असताना' असं निघालं. ते मी सांगितलेलं नाही, म्हणून खोडायला लावलं. तो पळत नव्हता. निजलेलं पोर खांद्यावर असलं की माणूस जसं जपून पाऊल टाकतो, तसा चालत होता. एक हात पोराच्या डोक्यामागे होता. बाकी सगळं मी सांगितलं तसंच लिहिलं आहे. खोडलेल्या जागी मी वेगळी सही केली आहे.