माप तेच, व्होल्ट वेगळे

हसू नका गा, पण परवा मी टॉर्चचा बल्ब उडवला. पोरानं पुण्याहून चार्जिंगचा सेल पाठवला होता, पेन्सिल सेलच्याच मापाचा. टाकला, अन् भक्कन उजेड होऊन खेळ खल्लास.

महाल भागातल्या दुकानदारानं बल्ब बदलून दिला अन् म्हणे, "काका, माप सारखं असलं म्हणून काय झालं? हा तीन पॉइंट सात व्होल्टचा. तुमच्या टॉर्चले दीडचा लागते. हा एक पॉइंट दोनचा न्या, चार्जिंगचाच आहे, चालून जाते. मंग दोन-तीन वर्षं इकडं यायचं कामच नाही."

तुम्ही दोस्तलोक भेटता रविवारी. आमची ही गेल्यापासून बाकी दिवस माझ्याशी बोलणारा तो दुकानदारच एक.

म्हटलं, "राहू दे गा. साधाच दे, लवकर संपणारा."